गाडीच्या चित्रावरचं कुंकू

“हे कुणी लावलंय?” नीरजा मॅडमनी विचारलं.

बिरोबाच्या देवळाच्या ओवरीत पंधरा-वीस माणसं उभी होती. भिंतीवर मी छापलेला कागद होता आणि त्यावरच्या जीपगाडीच्या चित्राच्या मधोमध रुपयाएवढं ओलं कुंकू होतं. शेजारी हळदीचं बोट. त्याखाली आधीच्या दिवसांचे थर वाळून त्यांचे पापुद्रे झाले होते. एक ओघळ गाडीच्या चाकावरून निघून खालच्या सिस्टरच्या चित्रापर्यंत पोचला होता.

“म्याच की,” ठकूबाई पुढं होऊन म्हणाली. “रोज लावती. सकाळची दिवाबत्ती झाली की पयलं द्येवाला, मग गाडीला.”

आपल्याला आता शाबासकी मिळणार अशी तिची खात्री होती. पदर सावरून ती मॅडमच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मॅडमनी क्षणभर डोळे मिटले आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

ही गोष्ट दोन हजार चौदा सालच्या मे महिन्यातली. कोल्हापुरात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं काम. ‘मगदूम प्रिंटर्स’ अशी ठसठशीत पाटी, आणि पाटीच्या मागं दोन खोल्या नि एक पडवी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं आणि त्यांचे गुडघे गेल्यावर ते माझ्याकडं आलं. लग्नपत्रिका, शाळेचे बिल्ले, दुकानांच्या पिशव्या. जाळीच्या फ्रेमवर शाई ओतायची, रबरानं ओढायची, कागद रॅकवर वाळत टाकायचा. यात जगाला थक्क करण्यासारखं काही नव्हतं आणि मलाही तशी हौस नव्हती.

जानेवारीत नीरजा दामले पुण्याहून आल्या. माझ्याच वयाच्या, बत्तीस-तेहतीसच्या. एका संस्थेत इंजिनियर होत्या. त्यांनी टेबलावर काळ्या शाईचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, “या शाईतून वीज वाहते.”

“मग छापताना मला झटका बसायचा की!”

त्या हसल्या नाहीत. मॅडम हसायच्या कमी, पण समजावून सांगायच्या छान. कागदावर वरच्या बाजूला नेहमीच्या रंगात चित्रं छापायची. त्यांच्याखाली या काळ्या शाईच्या रेघा. रेघा कागदाच्या कडेपर्यंत जाणार आणि तिथं काडेपेटीएवढी एक डबी चिमट्यासारखी बसणार. डबीत मोबाइलचं सिम, वर पाटीएवढं सौर पॅनल. चित्रावर बोट ठेवून सावकाश पाचपर्यंत मोजलं की कागद इंटरनेटवरून निरोप धाडणार. चित्रं तीनच. सिस्टरवर बोट ठेवलं तर निरोप खालच्या गावातल्या उपकेंद्रात. गाडीवर ठेवलं तर जीपवाल्याचा फोन वाजणार आणि पुण्यात मॅडमच्या नकाशावर लाल ठिपका उमटणार. आणि कानावर बोट ठेवलं तर पुण्याहून त्या दिवशी भरलेला निरोप डबीतून ऐकू येणार: लसीकरण कधी आहे, डॉक्टर रजेवर आहेत का, ओढ्याला पाणी किती आहे.

“वाचता यायला नको, नंबर लावायला नको, विजेचा खांब नको,” मॅडम म्हणाल्या. “कागद आणि बोट. बास.”

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, दोनशे वाड्यांवर असे कागद लागणार होते आणि ते सगळे मीच छापणार होते, तेही आवडलं. पहिले दहा नमुने छापायचे, त्यातला एक वर डोंगरात, काळम्याच्या धनगरवाड्यावर लावायचा आणि तीन महिने बघायचं असं ठरलं.

वाड्यावर बावीस घरं. रेंज यायची ती फक्त बिरोबाच्या ओवरीत, तीही पूर्वेच्या भिंतीला. म्हणून कागद देवळात लागला. कानाच्या चित्रातून पुण्याच्या कुणा मुलीचा आवाज यायचा, “नमस्कार, आज परिचारिका येणार नाहीत,” आणि सगळा वाडा त्या नमस्काराला खो खो हसायचा. पोरं दिवसातून दहा वेळा तोच नमस्कार ऐकायची. तोवर सगळं झकास चाललं होतं.

मग गाडीचे निरोप जायला लागले. तीन आठवड्यांत एकोणीस. जीपवाले इलाही मुल्लाणी पहिल्या तीन खेपांना डोंगर चढून वर आले आणि कुणाला काही झालेलं नाही बघून परत गेले. नंतर टेकाखाली थांबून हॉर्न वाजवायचे, अर्धा तास वाट बघायचे आणि शिव्या देत परतायचे. विसावा निरोप यायच्या आत मॅडम पुण्याहून निघाल्या आणि मला नि इलाहीभाईंना बरोबर घेऊन वर आल्या.

आणि आता आम्ही सगळे त्या कुंकवासमोर उभे होतो.

“मावशी,” मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही कुंकू लावता म्हणून गाडीला निरोप जातो. ओलं कुंकू रेघांवर पसरतं आणि कागदाला वाटतं, कुणीतरी बोट धरून ठेवलंय. एकोणीस वेळा गाडी येऊन गेली ती त्यामुळं.”

ठकूबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती घाबरली. “पुसती की! लगीच पुसती,” असं म्हणत तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि गाडीचं चित्र खसाखसा पुसायला लागली.

इलाहीभाईंच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो काढून बघितला आणि कसंनुसं तोंड करून सगळ्यांना दाखवला. विसावा निरोप. पोरं हसली, बायका हसल्या, एका माणसानं तर मांडीवर थाप मारली. ठकूबाईचा हात जिथल्या तिथं थांबला. तिच्या पदराला लाल डाग पडला होता आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.

मॅडम कागदाजवळ गेल्या. बोटानं कडेवरून चाचपून त्या माझ्याकडं वळल्या. “हेमलता, वरच्या पारदर्शक लेपाचे दोन्ही हात दिले होतेस ना? मध्ये एक दिवस वाळवून?”

“हो,” मी म्हणाले. “दोन्ही दिले.”

मॅडमनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

“मग छपाईचा दोष नाही,” त्या म्हणाल्या. वाड्यातल्या माणसांकडं वळून त्यांनी हात जोडले. “चूक तुमची कुणाचीच नाही. आम्हीच घाई केली. लोकांना अशा वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो. या महिनाअखेर आम्ही हे काढून नेऊ. पुढं कधीतरी, जमेल तेव्हा, पुन्हा बघू.” आणि त्यांनी डबीचं बटण बंद केलं.

“आन पारूचं?” ठकूबाई म्हणाली.

पारू म्हणजे तिची सून. ओवरीच्या खांबाला टेकून उभी होती, सहावा महिना. दिवस भरणार होते श्रावणात, आणि श्रावणात चिखलामुळं जीप टेकापर्यंत येत नाही, खाली सडकेलाच थांबते हे इलाहीभाईंनी मला येतानाच सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं की दोन वर्षांपूर्वी श्रावणातच ठकूबाईची लेक बाळंतपणाला अडली. घोंगड्याच्या झोळीत घालून चार माणसांनी तिला सडकेपर्यंत खाली आणली. सडकेवर गाडीच नव्हती. सव्वादोन तास गाडीची वाट बघत तिथंच ती गेली. कागद आला तेव्हा देवळाची भिंत द्यायला वाड्यातली म्हातारी माणसं तयार नव्हती. त्यांच्याशी भांडून ती भिंत मिळवली होती ठकूबाईनं.

“पारूला आपण आधीच खाली आणून ठेवू,” मॅडम म्हणाल्या.

“कुणाच्या घरात?” ठकूबाईनं विचारलं.

गर्दीतून एक बाई पुटपुटली, “म्हातारीनंच घालवलं सगळं.” ते सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

आता माझं सांगते. मार्चच्या शेवटी तो कागद छापला तेव्हा माझ्या पडवीतल्या रॅकवर लग्नपत्रिकाच पत्रिका होत्या. लग्नसराईत एक दिवस रॅक अडवून ठेवणं माझ्या जिवावर आलं. दहा कागदांना लेपाचा एक हात दिला. हाताला गुळगुळीत लागले. दुसरा हात राहू दे म्हटलं, बघतंय कोण! मॅडमनी पुण्यात दोन हातांच्या कागदावर पाऊस पाडून बघितला होता, तेल ओतून बघितलं होतं, घामट हात लावून बघितले होते. त्या कागदाला काही झालं नव्हतं. माझ्या कागदाला ते सगळं झालं असतं.

आणि खरी लाज पुढंच आहे. पुण्याच्या बाईला कुंकू सुचलं नाही तर तिला कोण बोल लावणार? पण मी पत्रिका छापणारी बाई. आमच्याकडून गठ्ठा नेला की माणसं तिथंच पायरीवर सोडतात आणि पहिल्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना ओलं हळद-कुंकू लावून ती देवापुढं ठेवतात. नवी सायकल आली की कुंकू, नवं जातं आलं की कुंकू. देवळाच्या भिंतीवर नवा कागद लागतो आणि त्यावर गाडी आहे, तर त्या गाडीला कुंकू लागणार हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारलं ते लेपाचं, आणि त्यावर मी धडधडीत खोटं बोलले.

परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, “वाईट वाटतंय गं. त्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.” मी खिडकीबाहेर बघत हूं म्हटलं.

घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. म्हणजे कुंकवापर्यंतचं सांगितलं. अण्णांनी उरलेल्या नऊ कागदांतला एक मागवला, उजेडाकडं तिरका धरला आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

“एकच हात आहे ह्याला,” ते म्हणाले.

“रॅक भरलेली होती अण्णा.”

“मग तसं सांगायचं.”

एवढंच. पुढं त्यांनी पेपर उघडला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दोनशे कागदांचं काम तर असंही गेलंच होतं, मग आता कबूल करून मिळवायचं काय, असा हिशोब मी मनाशी रोज मांडायची. तो दरवेळी बरोबर यायचा आणि तरी मला जेवण जायचं नाही. आठव्या दिवशी मी जाळी धुतली, एक नवा कागद छापला, लेपाचा एक हात दिला आणि त्या एका कागदासाठी अख्खी रॅक रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. तिसऱ्या दिवशी वाळू दिला. अकराव्या दिवशी सकाळी इलाहीभाईंना फोन केला.

“वर कशाला ताई? कागद काढायला?”

“बदलायला.”

इलाहीभाईंनी जीप पहिल्या चढणीला घातली. मग म्हणाले, “रोज सकाळी सातला फोन वाजायचा बघा. लय वैताग यायचा. आता वाजत न्हाई, तरी सातला जाग येतीच.”

“तुम्ही वर गेला होता तेव्हा कुंकू दिसलं नव्हतं?”

“दिसलं की. पण त्यात काय वाटणार? दसऱ्याला माझ्या गाडीला सगळी लावत्यात. टपावर हार, बॉनेटवर कुंकू. मी पुसत न्हाई.”

देवळात पोचलो तर ओवरी झाडलेली होती, समई तेवत होती, पण ठकूबाई नव्हती. पारू वाती वळत बसली होती.

“आत्ती देवळात येत न्हाईत आता,” ती म्हणाली. “घरात हाईत.”

“बरं नाही का?”

“बऱ्या हाईत. येत न्हाईत नुसत्या.”

ठकूबाई घरापुढं सुपात तांदूळ पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. “काढायला आलासा व्हय? काढा. मी काय हात लावला न्हाई त्याला त्या दिसापासनं.”

मी तिच्यापुढं जमिनीवरच बसले. येताना चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

“मावशी, चूक तुमची नव्हती. माझी होती.”

“असं मन राखायला बोलू नगं.”

“मन राखायला नाही. दाखवते.”

पिशवीतून मी दोन कागद काढले. एक जुन्यांतला, एक नवा. पारूकडून कुंकवाचा करंडा आणि पाणी मागवलं. दोन्ही कागदांवर गाडीच्या चित्राला ओलं कुंकू लावलं आणि थांबले. जुन्या कागदात कुंकू हळूहळू आत उतरलं आणि त्याची लाल कड पसरत गेली. नव्यावर ते होतं तिथंच थेंबासारखं बसून राहिलं. मी पदरानं पुसलं तर मागं डागसुद्धा राहिला नाही.

ठकूबाई दोन्हींकडं वाकून बघत होती. “ह्यो येगळा कागुद हाय?”

“कागद तोच. याच्यावर लेपाचे दोन हात दिलेत. तसेच द्यायचे असतात. तुमच्या कागदाला मी एकच दिला. घाई होती, कंटाळा केला. दोन दिले असते तर तुम्ही रोज कुंकू लावलं असतंत तरी गाडी आली नसती.”

“मग त्या म्याडमनं इचारलं तवा?”

“खोटं बोलले.”

“माझ्या म्होरं?”

“तुमच्या समोर. तुम्ही पदरानं पुसून थांबला होता, तेव्हा.”

मग तिनं उजवा हात उलटा करून माझ्यापुढं धरला. काळा, चिरा पडलेला हात, आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या कुंकवानं आलेला तांबूसपणा.

“अकरा दिस झालं, या हातानं द्येवाला शिवले न्हाई मी,” ती म्हणाली. “माझी लेक झोळीत घालून निघाली, तवा तिच्या कपाळाला म्याच कुंकू लावलं हुतं. ह्याच बोटानं. ती गेली. मग गाडीला लावलं, तर गाडी बी जाया लागली. म्हटलं, हातच वंगाळ हाय माझा. उद्या पारूला लावायची पाळी आली तर? म्हणून द्येवाचंबी सोडलं. पारूला सांगितलं, तूच कर बाई.”

मला रडू कोसळलं. मला वाटत होतं, चारचौघांत तिला हसली माणसं, तेवढंच झालंय, आणि त्याची भरपाई करायला मी एक कागद घेऊन आले होते. ती रडत नव्हती. ती रागानं बघत होती, आणि तो राग मला आजही आठवतो, कारण तो अगदी योग्य होता.

“तुझ्या एका व्हयसाठी,” ती म्हणाली. “एक न्हाई म्हटलं असतंस तर जीभ झडली असती का गं?”

“नसती झडली.”

“ऊठ.”

“कुठं?”

“देवळात. समद्यांच्या म्होरं सांग. आन त्या म्याडमलाबी सांग. रेंज तितंच हाय.”

तिनं मला दंडाला धरून नेलं. वाटेत दिसेल त्याला हाक मारत गेली, आणि त्या दिवशी कागदासमोर उभी होती तेवढी माणसं पुन्हा जमा झाली. पूर्वेच्या भिंतीला चिकटून मी फोन लावला. ठकूबाई म्हणाली, “मोठ्यानं ऐकू ईल असं लाव,” म्हणून स्पीकर लावला.

“बोल हेमलता,” मॅडम म्हणाल्या.

मी सांगितलं. रॅकचं, पत्रिकांचं, एका हाताचं, आणि ‘दोन्ही दिले’ म्हणाले होते त्याचं. कुणी हसलं नाही. म्हातारीनं घालवलं असं म्हणालेली बाई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मी अहवाल पाठवला आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्यात लिहिलंय की लोक अजून तयार नाहीत. माझ्या सहीनं लिहिलंय ते.”

“हो मॅडम.”

“दुसरा अहवाल लिहावा लागेल. तुझ्या नावासकट.” त्या पुढं म्हणाल्या, “दोनशेचं काम तुला देता येणार नाही आता. ते तुला कळत असेल.”

“कळतंय.”

“नवा कागद आणलायस म्हणतेस? लाव तो. डबी चालू कर. दिवाळीपर्यंत ठेवू आणि बघू.” मग त्यांचा आवाज बदलला. “मावशी आहेत का तिथं? मावशी, मला माफ करा. मी नीट पाहायला हवं होतं.”

“तुमी कागुद ठिवला, झालं माझं,” ठकूबाई फोनकडं तोंड करून ओरडली. फोन हातभर अंतरावर होता, पण पुणं लांब आहे असा तिचा अंदाज असावा.

पारूचं राहायला नको म्हणून इथंच सांगून टाकते. श्रावणात एका दुपारी तिनं स्वतः गाडीच्या चित्रावर बोट ठेवून पाचपर्यंत मोजलं. तिला खाली न्यायला तीन तास लागले आणि ती सडकेवर पोचली तेव्हा इलाहीभाई जीपचं दार उघडून उभे होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दिवाळीनंतर तो कागद आणखी चार वर्षं राहिला, मग वाड्यावर वीज आणि टॉवर दोन्ही आले. दोनशे कागद सांगलीच्या एका प्रेसनं छापले. चांगले छापले, मी जाऊन बघून आले.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मी भिंतीवरचा जुना कागद उतरवला, नवा लावला, डबी बसवून बटण दाबलं. नव्या कागदावर मी एक जास्तीचं काम केलं होतं. रेघांपासून लांब, वरच्या कोपऱ्यात, एक गोल कोरा ठेवून त्याभोवती वेलबुट्टी काढली होती.

“मावशी, कुंकू इथं लावत जा,” मी म्हणाले.

ठकूबाईनं त्या गोलाकडं बघितलं. “हितं काय हाय?”

“काही नाही. कुंकवासाठीच आहे.”

“काय न्हाई त्याला कशापायी लावू? गाडीला लावत्यात कुंकू.”

इलाहीभाई हसले. मी नाही हसले. लेपाचे दोन हात मी स्वतः दिले होते, आदल्या रात्री नख फिरवून तीनदा बघितलं होतं, तरी मी हात पुढं करून कागदाची कड पुन्हा चाचपली. ठकूबाईनं पारूच्या हातातला करंडा घेतला. पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं, आणि ते गाडीच्या चित्रापुढं धरून ती तशीच थांबली. सगळी ओवरी त्या बोटाकडं बघत होती.

मग तिनं ते टेकवलं आणि काढून घेतलं. चित्रावर ओलं, लालभडक टिकलीएवढं कुंकू राहिलं.

इलाहीभाईंनी खिशातून फोन काढून तळहातावर ठेवला आणि हात पुढं केला, सगळ्यांना दिसेल असा. आम्ही वाट बघत राहिलो. पारूचे ओठ हलत होते, ती मोजत होती. पाच झाले. दहा झाले. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली, एका पोरानं नाक ओढलं. पन्नासपर्यंत मोजून पारू थांबली.

फोन वाजला नाही.

ठकूबाईनं एकदा फोनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग करंडा घेऊन ती गाभाऱ्याकडं वळली, उंबऱ्याशी वाकली, आणि अकरा दिवसांनी तिनं तेच बोट पुन्हा कुंकवात बुडवून बिरोबाच्या कपाळाला लावलं.